नुक्स

माझ्या फोनला एक नुक्स आहे. खोट म्हणा, दोष म्हणा, पण आम्ही इंदूरवाले नुक्सच म्हणतो, आणि पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीतल्या ज्या शब्दांना हसतात त्यात हा बराच वर आहे. हसोत बापडे. खोट म्हटलं की कसं ते माणसाच्या चारित्र्यावर जातं, नुक्स वस्तूपुरता राहतो.

तर परवा दुपारी ओटा आवरून, कूलरमध्ये पाणी ओतून जरा आडवी झाले, फोन हातात घेतला आणि वर उजव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. मोहरीचे दहा तुकडे केले तर त्यातला एक असेल, एवढुसा. पण मी दचकलेच, कारण असा ठिपका कधी येतो ते मला माहीत होतं. अँड्रॉइड 12 आलं तेव्हापासून, म्हणजे 2021 पासून, एखादं अ‍ॅप कॅमेरा किंवा माइक वापरत असलं की नेमका त्याच कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. म्हणजे कोणीतरी बघतंय! आणि मी गाऊनमध्ये, केसांना तेल लावून. सगळे अ‍ॅप बंद केले, फोन बंद करून चालू केला, ठिपका होताच. शेवटी आरशावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांतली एक काढली आणि पुढच्या कॅमेऱ्यावर लावून टाकली. संध्याकाळी ह्यांनी फोन बघितला आणि विचारलं, "काय, फोनचं लग्न लावलंस?"

मग मी स्क्रीनशॉट काढून पोराला पुण्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, कुठाय ठिपका? मी पुन्हा काढला, बाणाने दाखवला, तो म्हणतो आई बाण दिसतोय, बाणाच्या टोकाशी काही नाहीये. आता हे वेड लागायचं लक्षण, मला ठिपका दिसतोय आणि मी काढलेल्या फोटोत तो नाही! मग त्यानेच समजावलं की स्क्रीनशॉट म्हणजे फोनने स्क्रीनला काय दाखवायला सांगितलं ते, स्क्रीनने खरंच काय दाखवलं ते नव्हे. (हे वाक्य मी आमच्या घरातल्या बऱ्याच प्रसंगांना लावून बघितलं, चपखल बसतं.) शेवटी ह्यांच्या फोनने माझ्या फोनचा फोटो काढला तेव्हा कुठे पुरावा झाला. निदान असं, की कॅमेरा वगैरे काही चालू नाही, एक पिक्सल, म्हणजे स्क्रीन ज्या चिमुकल्या दिव्यांची बनते त्यातला एक, अडकलाय. मेलेला पिक्सल काळा असतो, हा मेलेला नाही, ह्याचा हिरवा भाग कायमचा चालू राहिलाय.

आता गंमत अशी की स्क्रीनवर 1080 गुणिले 2400, म्हणजे 25,92,000 पिक्सल आहेत. 2011 च्या जनगणनेत सगळ्या इंदूर शहराची वस्ती 20 लाखांच्या आत होती, म्हणजे गावात माणसं नाहीत एवढे दिवे माझ्या तळहातावर, आणि त्यातल्या सुदामा नगरातल्या एका घरात कुणीतरी बाथरूमचा दिवा चालू ठेवून गावाला गेलंय. एवढंच झालंय. पण त्या सबंध गल्लीत आता मला तेवढंच एक घर दिसतं.

फोन धनतेरसला घेतला होता. मग एवढे महिने दिसलं कसं नाही? तर त्याचंही कारण निघालं. पांढऱ्या पडद्यावर हिरवा दिवा तसाही चालूच असतो, लाल-हिरवा-निळा तिन्ही मिळूनच पांढरं होतं, त्यामुळे अडकलेला कळत नाही. पोरगा रंगपंचमीला गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, बघायला आला होता, राजवाड्यावरून नखशिखांत रंगून आला आणि जाताना माझ्या फोनवर डार्क मोड लावून गेला, डोळ्यांना बरं म्हणून. काळं झालं आणि नुक्स उघडा पडला.

मला जाणणारे म्हणतील, तुझ्या हातून नुक्सवाला पीस आलाच कसा. खरंय. मी दुकानात गठ्ठ्यातली वरची वही आयुष्यात घेतलेली नाही. पेपर मधला ओढते, दुधाची पिशवी खालून काढते, साडी घ्यायला शीतलामाता बाजारात गेले की ती पूर्ण उलगडून उजेडाकडे धरल्याशिवाय पैसे काढत नाही, दुकानदाराचं तोंड कितीही वाकडं होवो. पण धनतेरसला जेल रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती, मुहूर्त निघून चालला म्हणून हे घाई करत होते, दुकानातल्या मुलाने स्वतःच डब्याचं सील कापलं, सिम टाकलं, कव्हर चढवलं आणि हातात दिला. मी साधं "भैया दूसरा पीस दिखाओ" सुद्धा म्हटलं नाही. उन्हाळ्यात हे आठवून दिवाळीचा राग येतो.

हा रोग आजीकडून आलाय. रामबागेत राहायचो तेव्हा उन्हाळा लागला की आजी माठ घ्यायला निघायची आणि मला उचलायला बरोबर न्यायची. रस्त्याच्या कडेला कुंभाराने माठांचे डोंगर रचलेले असायचे. आजी एकेक माठ बोटाच्या पेराने वाजवायची, कान लावायची, "हा बोलत नाही," म्हणून बाजूला. वीस-पंचवीस वाजवून एक बोलका सापडायचा. तो मी पोटाशी धरून आणायचा, रात्रभर पाणी भरून ठेवायचा, आणि एका वर्षी तो गळला. गळला म्हणजे चांगला टपटपला, खालची परात भरून फरशीवर ओघळ.

सकाळी आम्ही परत. आजीचं हिंदी म्हणजे मराठीलाच है-था लावलेलं. "ए भैया, ये तुम्हारा माठ तो गलता है."

कुंभार चकित. "गलेगा कैसे माँजी? मिट्टी पक गई, अब काहे को गलेगी?"

"अरे सारी रात गला! नीचे बादली लगानी पड़ी."

त्याला वाटलं म्हातारी म्हणतेय माठ विरघळला. त्याने तो उलटासुलटा करून दाखवला, बघा, अख्खा आहे. मी मधे पडून "टपक रहा है" म्हटलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने काही न बोलता दुसरा दिला. ना पावती, ना शिक्का, ना कार्ड. दुसराही टपकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा वरात. ह्या वेळी त्याने जो माठ दिला तो मी पोटाशी धरला आणि बघते तर गळ्याखाली अंगठ्याचा ठसा, ओल्या मातीत कुणाचातरी उमटलेला आणि तसाच भाजला गेलेला. हा मी ओळखत होते. पहिल्या दिवशी सगळा रस्ता माझं नाक त्या ठशाशी होतं. हा तर पहिलाच माठ!

मी कुजबुजले, "आजी, हा तर आपलाच."

"माहितीये," आजी म्हणाली. "चल मुकाट्याने."

तो माठ त्या उन्हाळ्यात टिकला. पाझरायचा, पण माठ पाझरला नाही तर पाणी गार कसं होणार, ते बाहेरचं पाणी उडतं म्हणून तर आतलं गार राहतं. टपकायचा मात्र बंद झाला. आजीला विचारलं तेव्हा म्हणाली, एवढं तर गळणारच, आणि मग तीन दिवस मला कशाला पळवलं हे काही सांगितलं नाही. परातीतलं पाणी तुळशीला घालायची.

असो. पोरगा म्हणाला आई वॉरंटीत आहे, सोडू नको, तुझा हक्क आहे. त्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली दोषाची व्याख्या पाठवली, त्यात फॉल्ट आहे, इम्परफेक्शन आहे, शॉर्टकमिंग आहे, कायद्याने काही सोडलेलंच नाही, वाचून मला तीस वर्षांपूर्वीचे मुलगी बघायचे कार्यक्रम आठवले. पाठोपाठ दुसरा मेसेज, की आयएसओचं 9241 नावाचं एक स्टँडर्ड पण आहे आणि त्यात स्क्रीनचे वर्ग पाडलेत, अगदी वरचा वर्ग सोडला तर दर दहा लाख पिक्सलांमागे थोडे बिघडलेले चालतात. म्हणजे हक्क पण आहे आणि चालवून घ्यायची सोय पण आहे. मला एका दिशेचा सल्ला हवा होता.

मधे एक उपाय करून बघितला, स्क्रीनवर रंग भराभर बदलणारा व्हिडिओ तासन्‌तास चालवायचा, कधीकधी अडकलेला पिक्सल सुटतो म्हणे. रात्रभर लावून ठेवला. हे दोन वाजता उठून म्हणाले, दिवाळी गेली ना? पिक्सल सुटला नाही, झोप सुटली.

मग एका शनिवारी सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेतलं, बसले. बाजूला एक बाई तीन तुकडे झालेला फोन पिशवीत घेऊन आलेली, एक मुलगा चार्जिंगच होत नाही म्हणून कावलेला, आणि मी मोहरीचा दहावा भाग घेऊन. नंबर आला तेव्हा माझा आवाजच निघेना. काउंटरवरचा मुलगा पोराच्याच वयाचा. त्याने स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पडदे फिरवले आणि काळ्यावर थांबून म्हणाला, "कहाँ है आंटी?" मी दाखवला. त्याने चष्मा वर केला. "अच्छा... ये? एक में नहीं होता आंटी, कंपनी की पॉलिसी है."

मी म्हटलं 1915 ला फोन करू का, ग्राहक हेल्पलाइनला? हे मी घरून पाठ करून गेले होते. तो हसला, रागावला नाही. म्हणाला करायचंच असेल तर मॅनेजरला विचारून डिस्प्ले बदलून देऊ, पण आधी बॅकअप घ्या, डेटाची गॅरंटी नाही, ह्या जॉबशीटवर सही करा. फोन गरम करून चिकटवलेलं उघडावं लागतं, मग परत चिकटवायचं. आणि आवाज खाली आणून, "मेरा होता तो मैं नहीं खुलवाता. कंपनी जैसा चिपका है वैसा फिर नहीं चिपकता." फोनच बदलून नाही का मिळणार, मी विचारलं. मिळाला तरी नवाकोरा असेलच असं नाही म्हणाला, रिफर्बिश्ड पण असू शकतो, म्हणजे कुणीतरी परत केलेला, दुरुस्त करून. मला एकदम अंगठ्याचा ठसा आठवला आणि मी पेन खाली ठेवलं.

येताना छप्पनवर, म्हणजे आमच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत, थांबून पोहे खाल्ले. एवढं ऊन सोसून गेले होते, रिकामं कसं यायचं.

डार्क मोड काढून टाकला की ठिपका दिसत नाही, फुकटातला इलाज. काढला. दोन दिवस बरे गेले, पण मग पांढऱ्या पडद्यावर मी अंदाजाने त्या जागी बघायला लागले, इथे असेल की जरा डावीकडे? दिसत होता तेव्हा निदान कुठे आहे ते तरी कळत होतं. परत डार्क लावला. वॉरंटी धनतेरसपर्यंत आहे, बघू. टिकली मात्र काढली, व्हिडिओ कॉलवर पोराला नुसता लाल अंधार दिसत होता.

काल रात्री त्याचा फोन आला. जेवला नव्हता अजून, खोलीत अंधार, लॅपटॉपच्या उजेडात अर्धं तोंड निळं. बदलून घेतलास का विचारलं, मी म्हटलं नाही रे, तर म्हणाला तू पण ना. मग काय जेवणार, भाजी कोणती, दाढी का वाढवलीस वगैरे. बोलताना लक्षात आलं की कॅमेरा चालू आहे म्हणून कोपऱ्यात खरा हिरवा ठिपका लागलाय, आणि जरा खाली माझा. दोघं शेजारी शेजारी, त्याच्या अंधाऱ्या भिंतीवर. खरा थोडा मोठा आहे.

"ठेवतो आई," तो म्हणाला.

एक विझला. मी तसाच फोन धरून बसले, थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप बंद झाली.