आईला बर्फाचं तीर्थ हवं होतं

निघायच्या आदल्या रात्री आईचा व्हॉईस मेसेज आला, "एवढ्या लांब देवाला चाललायस तर येताना बाटलीत तीर्थ आण रे." मी लगेच हो म्हणून टाकलं. कारण पेरूतल्या ऑफिसमधला माझा दोस्त, मूळचा कुस्कोकडचा, त्याने सांगितलेलं की त्याचे आजोबा कोयुर रितीहून, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या ख्रिस्ताच्या मोठ्या जत्रेहून, पाठीवर बर्फाची लादी बांधून आणायचे आणि घरात कुणी आजारी पडलं की ते पाणी थोडं थोडं द्यायचे. म्हणजे गंगाजलच की.

तर 26 मे 2024, रविवार. कुस्कोहून पहाटे बस, उर्कोस, ओकोंगाते करत माहुआयानीला उतरलो आणि तिथेच दम लागला, चालायला सुरुवातसुद्धा केली नव्हती. गाव 4,200 मीटरच्या आसपास, आणि सिनाकाराच्या खोऱ्यातलं देवस्थान आणखी पाचेकशे मीटर वर. अंतर म्हणाल तर फक्त 8 किलोमीटर. मी शाळेत असताना आजीबरोबर दिवेघाट चढलोय, त्यामुळे आठ किलोमीटर ऐकून हसलो होतो. ते हसू पहिल्या क्रूसापर्यंत टिकलं. वाटेत ठराविक अंतराने क्रूस आहेत, लोक तिथे थांबतात, टोपी काढतात, खालून उचलून आणलेला दगड ठेवतात आणि पुढे निघतात, आणि माझ्या शेजारून पाठीला बाळ बांधलेल्या बायका, तुबा घेतलेले बँडवाले, सिलिंडर लादलेले घोडे सगळे पुढे जात होते आणि मी गालात कोकाची पानं धरून घोड्याच्या लिदीकडे बघत एक एक पाऊल टाकत होतो. डोकं असं ठणकत होतं की विचारू नका.

ही जत्रा ईस्टरनंतर 58 दिवसांनी येते, कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या मंगळवारी मुख्य दिवस. गोष्ट अशी सांगतात की 1780च्या सुमाराला मारियानो नावाचा एक मेंढपाळ पोरगा इथे एकटा जनावरं राखायचा, त्याला मानुएल नावाचा गोरासा मुलगा भेटला, दोघे खेळायचे आणि कळप वाढत गेला. मानुएलचे कपडे फाटले म्हणून मारियानो तसंच कापड आणायला कुस्कोला गेला तर कळलं की असलं कापड फक्त बिशप वापरतो. मग लोक चौकशीला आले, मानुएलला धरायला गेले तर लख्ख उजेड आणि हातात तायांका नावाचं झुडूप, त्यावर क्रूसावरचा ख्रिस्त. मारियानो तिथेच गेला, एका खडकाखाली त्याला पुरलं. आज त्याच खडकावर ख्रिस्ताचं चित्र आहे आणि भोवती चर्च बांधलंय. लोक त्याला 'तायताचा' म्हणतात, म्हणजे लाडाने बाबा. आपण विठ्ठलाला माउली करून टाकलं, यांनी ख्रिस्ताला बाबा.

पण खरं सांगू का, खडकापुढे मेणबत्ती लावून बाहेर आलेला माणूस पहिल्यांदा तोंड वर करतो ते कोल्केपुंकुच्या हिमनदीकडे. चर्चच्या फार आधीपासून इथले डोंगर देवच आहेत, त्यांना आपू म्हणतात, आणि पलीकडचा आउसांगाते तर सगळ्यांत थोरला. शिवाय याच दिवसांत आपल्या कृत्तिका दीड-एक महिना गायब होऊन जूनमध्ये पहाटे परत दिसायला लागतात. तेव्हा त्या ठळक दिसल्या तर पाऊसपाणी चांगलं, अंधुक दिसल्या तर बटाट्याची लागण पुढे ढकलायची असा इथल्या शेतकऱ्यांचा हिशोब. नंतर शास्त्रज्ञांनी तपासलं तर तो बराच बरोबर निघाला, एल निनोच्या वर्षी उंचावर विरळ ढग असतात म्हणून तारे अंधुक दिसतात. माझ्या आजोबांना हे ऐकून काडीचंही आश्चर्य वाटलं नसतं.

खोऱ्यात पोहोचलो आणि आवाजाने कान फुटायची वेळ. निळ्या प्लास्टिकचे तंबू, शेकडो नाचणारे गट, प्रत्येकाचा वेगळा बँड, रात्रभर फटाके. आपल्या दिंड्या तशी इथे आठ 'नेशन' आहेत, पाउकार्ताम्बो, किस्पिकांची, कांचिस वगैरे. शिस्त सांभाळतात उकुकु, म्हणजे सोंग घेतलेली पोरं. उकुकु अस्वल आणि बाईच्या पोटचे म्हणे, अंगावर लोकरीच्या झिरमिळ्या, विणलेला मुखवटा आणि बारीक किनऱ्या आवाजात बोलणं. आपले चोपदारच, पण हातात चाबूक. दारू सापडली की संपलंच.

सोमवारी आलासितासचा खेळ बघितला. छोटी घरं, छोट्या गाड्या, डिग्रीची सर्टिफिकेटं खोट्या नोटांनी विकत घ्यायची म्हणजे वर्षभरात खरी मिळतात. मी आईसाठी बोटभर घर घेतलं, रीतसर कागद झाला, मालक म्हणून माझं नाव, शिक्का. पुण्यात एवढ्यात पार्किंगही येत नाही.

त्याच रात्री उकुकु बर्फावर चढले. थंडी शून्याखाली, बुद्धपौर्णिमा चारच दिवसांपूर्वी झालेली, चंद्र उशिरा आला तेव्हा वर काळ्या ठिपक्यांची रांग दिसली. मंगळवारी सकाळी ते क्रूस घेऊन बँडच्या तालावर खाली आले. पाठी रिकाम्या. मी दोस्ताकडे बघितलं तर तो म्हणाला, आता बरीच वर्षं कोणी बर्फ काढत नाही, हिमनदी मागे सरकत चाललीय म्हणून उकुकुंनीच बंद केलं. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाला, तू आजोबांबद्दल विचारलं होतंस. आता पहारा देतात, कुणाला लादी तोडू देत नाहीत. ज्या कामासाठी पोराला उकुकु म्हणून मान मिळायचा तेच काम आता करायचं नाही, आणि तरी रात्रभर तिथे वर जाऊन थांबायचं. मला हे देवळातल्या सगळ्या मेणबत्त्यांपेक्षा जास्त लागलं.

मग मी तंबूंच्या बरंच वर, हिमनदीकडून येणाऱ्या ओहोळाशी गेलो, अर्धा लिटरची बाटली काढली आणि मागून तो किनरा आवाज. घाबरलोच. मुखवट्याने मान तिरकी केली, बाटली बघितली, इथल्या केचुआ भाषेत काहीतरी बोलला आणि खिदळला. दोस्ताने भाषांतर केलं, "हे घे, हे स्वतःच्या पायाने खाली आलंय. पण उकळून पी."

दोस्त त्याच्या गटाबरोबर रात्रभर चालून तायांकानीला जाणार होता, पहाटे सूर्य उगवताना सगळे गुडघे टेकतात तिथे. मला यायची फार इच्छा होती पण गुडघे आधीच टेकलेले. माहुआयानीला खाली आलो, बसमध्ये शेजारी एक दमलेला उकुकु मांडीवर मुखवटा ठेवून झोपलेला, जेमतेम अठरा वर्षांचा असेल.

कुस्कोला येऊन बॅग उघडली तर बाटलीचं झाकण सैल. तीर्थ सगळं सांडलं, घराचा कागद भिजून शाई पसरली, मालकाचं नाव आता वाचता येत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.