पांढरं लोणी

मे महिन्यातला मंगळवार. ताडोबा मंगळवारी बंद असतं, त्यामुळे आमच्या रिसॉर्टचे पाहुणे दिवसभर खोल्यांत एसी लावून पडलेले. रात्री चोवीस माणसांचं फ्रेंच जेवण होतं, नागपूरच्या एका कुटुंबात लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. पाच कोर्स, एकामागून एक. बुधवारी पहाटे पाचच्या आत जिप्सी गेटकडे निघणार, म्हणजे साडेदहाला शेवटची प्लेट उचललीच पाहिजे. चोवीसांत नऊ शाकाहारी, त्यातले पाच अंडंही न खाणारे.

आमच्या भागात असा मेनू लिहिताना आधी वीज बघतो, मग मार्केट, मग पाहुण्याची हौस. यजमानांना सूफ्ले हवं होतं, अंड्याच्या फेसावर फुगणारा पदार्थ. नाही म्हणालो. इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये सूफ्ले अर्धं फुगलेलं असताना लाइट गेली तर ते परत उठत नाही. त्याऐवजी क्रेम ब्रुले ठेवलं. हे कस्टर्ड सकाळीच पाण्याच्या ट्रेत भाजून फ्रिजमध्ये जातं आणि वरची साखर गॅसच्या टॉर्चने जाळतात, तिथे महावितरणचा संबंध येत नाही.

खरा पेच दुसऱ्या कोर्सचा होता, बर ब्लाँसोबत उकडलेला मरळ. हा सॉस फ्रान्सच्या लुआर नदीकाठचा. तिकडे तो परंपरेने नदीतल्या माशांवर घालतात, म्हणून समुद्राची मासळी बर्फात घालून आणण्यापेक्षा इथला तलावातला मरळ त्याला जास्त शोभतो. मरळ हवेतूनही श्वास घेतो, बादलीत जिवंत येतो. ताजा आहे का हे विचारावं लागत नाही. पाऊण किलोचे सहा आणले. अंग बुळबुळीत, म्हणून राखेने धरून खवले काढले. काट्यासकट साडेचार किलोचे पावणेदोन-एक किलो स्वच्छ तुकडे निघाले, पंधरा जणांना पुरेसे.

अकरा वाजता नागपूरचा माल उतरला. बिनमिठाचं लोणी मागवलं होतं, खोक्यात निघालं पिवळं, मीठवालं. फोन केला तर "उद्या बदलून देतो". उद्याचं काय करायचं? मीठवाल्या बटरमध्ये शंभर ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम मीठ असतं. माणशी चाळीस ग्रॅम लोणी पोटात जाणार, त्यात मासाही मिठाच्या पाण्यात शिजलेला. शिवाय त्या बटरला रंग घातलेला असतो, सॉस हळद पडल्यासारखा दिसतो. बर ब्लाँ या नावाचा अर्थच पांढरं लोणी.

आणि हा अर्थ डोक्यात आल्यावर दूध घालणाऱ्या मावशी आठवल्या. फ्रान्समध्ये लोणी परंपरेने आंबवलेल्या सायीचं करतात. आपल्याकडेही घरी सायीला विरजण लावून मगच घुसळतात. पाकिटातलं बटर बहुतेक गोड्या क्रीमचं असतं. म्हणजे चवीच्या हिशेबाने आमच्या मावशींचा डबा त्या पाकिटापेक्षा फ्रान्सला जवळचा.

"भाऊ, हे तं तूप कढवाले ठेवलं होतं. आंबट हाय. तुमच्या पाव्हन्याइले चालते का?"

साय कच्च्या दुधाची की तापवलेल्या, एवढंच विचारलं. तापवलेल्या दुधाची होती. कच्च्या दुधाची असती तर परत पाठवली असती, पाहुण्यांच्या पोटाशी खेळ नको. दोन किलो घेतलं, म्हशीचं, पांढरंशुभ्र.

घरचं लोणी थेट सॉसमध्ये चालत नाही, कारण त्यात ताक उरलेलं असतं. ताकातलं पाणी सॉस पातळ करतं आणि आंबटपणा आधीच्या व्हिनेगरवर चढतो. बर्फाच्या पाण्यात तीनदा धुतलं, तिसऱ्यांदा पाणी नितळ निघेपर्यंत. मग लाकडी पळीने परातीच्या कडेला दाबत राहिलो. प्रत्येक दाबाला पाण्याचे मणी फुटून बाहेर येतात. ते थांबले की मलमलमध्ये गुंडाळून वजनाखाली अर्धा तास. दोन किलोचं एक किलो सातशे राहिलं. बोटभर जाडीचा थर ट्रेमध्ये लावून फ्रीजरला, दीड तासाने चौकोनी तुकडे.

शंभर ग्रॅमवर आधी चाचणी घेतली. ही पायरी टाळणारे कुक मला कळत नाहीत. चव जास्त आंबट आली, म्हणून चोवीस जणांसाठी नेहमीचं दीडशे मिली व्हिनेगर साठवर आणलं. व्हाइट वाइन चारशे मिली, बारीक चिरलेला पांढरा कांदा सव्वाशे ग्रॅम (शॅलट, म्हणजे फ्रेंच छोटा कांदा, इथे कुठून मिळणार), मंद आचेवर चार-पाच चमचे उरेपर्यंत आटवायचं. २०१५ ते २०२१ चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा वाइनच्या जागी भाजीचं पाणी आणि लिंबू वापरायचो. सॉस व्हायचा, पण मागे रेंगाळणारी चव नसायची. आटलेल्यात तीन चमचे दाट क्रीम घातलं. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण त्याने सॉसला आधार मिळतो. क्रीम पस्तीस टक्के फॅटचंच हवं, साधं पंचवीसवालं आंबटात उकळलं की फुटतं.

मग गार तुकडे, एकावेळी दोन-तीन, व्हिस्क न थांबवता. इथे घाई चालत नाही. तुकडा गार असतो तेव्हा तो हळूहळू वितळतो आणि तूप, पाणी, दुधाचे कण एकमेकांत धरून राहतात. आधीच वितळलेलं लोणी ओतलं तर वर नुसतं तूप तरंगतं. किचनमध्ये थर्मामीटर त्रेचाळीस दाखवत होता, सहा मिनिटांत तुकडे बोटाला चिकटायला लागले. म्हणून फ्रीजरमधून दोनशे-दोनशे ग्रॅमच काढायचे, बर्फावरच्या भांड्यात. एकूण किलोभर लागलं. सॉस पन्नास ते पंचावन्न डिग्रीला राहतो, साठच्या वर गेला की तुपाचे डोळे दिसू लागतात. त्याला ठेवायला आमच्याकडे चहाचे थर्मास होते; गरम पाण्याने विसळले आणि भरले. उकळत्या पाण्याने विसळायचं नाही, काच इतकी तापते की कडेचा सॉस तिथेच फुटतो.

सूप वेळेत गेलं. कॉन्सोमेचं, म्हणजे नितळ सुपाचं, काम सकाळीच आटोपलं होतं, चार लिटर स्टॉकला सहाशे ग्रॅम चिकनचा खिमा आणि पाच अंड्यांचं पांढरं. वर थर जमला की चमचा घालायचा नाही, बस. शाकाहाऱ्यांना टोमॅटोचं गाळलेलं पाणी.

आठ चाळीसला लाइट गेली. जनरेटर चढला, पण एक्झॉस्टला त्यावर लोड नाही. मासा पंच्याहत्तर डिग्रीच्या पाण्यात आठ मिनिटं, पाणी उकळू द्यायचं नाही. शाकाहाऱ्यांना लोण्यावर परतलेल्या दुधीच्या जाड चकत्या. पहिल्या चार प्लेटा गेल्या आणि पोऱ्या धावत परत आला.

"भाऊ, सॉस फाटला!"

बघितलं तर फाटलेला नव्हता, थिजला होता. कडेला मेणासारखी पांढरी किनार. दिवसभर उष्णतेपासून सॉस वाचवत होतो आणि त्याला गाठलं थंडीने. प्लेटा हॉलमधल्या कपाटातून घेतल्या होत्या, एसीत दुपारपासून गार पडलेल्या. लोणी तिशीच्या खाली उतरलं की जमतं. किचनमधली थप्पी मात्र मे महिन्याच्या कृपेने आपोआप चाळीसच्या पुढे तापलेली! उरलेल्या वीस प्लेटा तिथूनच उचलल्या, परत आलेल्या चार गरम पाण्यात बुडवून, पुसून, नव्याने भरल्या. प्रत्येक प्लेटला माशाखाली तीन चमचे सॉस. वर घातला तर माशाचा रंग झाकतो.

टेबलावर आजींनी बाहेरच्या बाजूचे काटा-सुरी बरोबर उचलले, सुपाचा चमचा जाऊन ते आता बाहेर आले होते. मग दोन्ही खाली ठेवून पाव मोडला आणि प्लेट पुसून काढली. औपचारिक फ्रेंच टेबलावर हे बसत नाही म्हणतात. स्टुअर्ड माझ्याकडे बघत होता. पावाची टोपली पुन्हा पाठव, एवढंच सांगितलं.

दहा वीसला शेवटची प्लेट उठली.

सकाळी मावशींचा डबा परत केला. पुढच्या वेळी विरजण दोन दिवस कमी ठेवा, आंबट कमी हवंय, असं म्हटलं.

"मंग लोनी कमी निंगल ना भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याचा भाव येगळा लागन."