नवेगावबांधला आई

आईला पोहता येतं. मला हे रविवारी कळलं, तेही तिने मला सांगितलं म्हणून नाही, ती दुसऱ्याच बाईशी बोलत होती आणि मी बाजूला उभी होते म्हणून. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावाला जायचं दादाचं कधीपासून चाललं होतं, शेवटी थंडी आहे तोवर जाऊन येऊ म्हणून नागपूरहून निघालो. भंडारा, लाखनी, साकोली आणि मग कोहमाऱ्याला उजवीकडे. तिथून पुढे हवाच बदलते. धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधेच एखादं मोहाचं झाड, मग जंगल सुरू होतं आणि मग एकदम पाणी. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे हे एवढं पाणी, पलीकडचा काठ नीट दिसतसुद्धा नाही. आवाज म्हणाल तर फक्त पक्ष्यांचा. वारकरी पक्षी तर इतके होते की आमच्या छोट्या ओवीने मोजायचं सोडूनच दिलं. दादा फलक वाचून तिला सांगत होता, 1975 ला राष्ट्रीय उद्यान, 2013 ला नागझिऱ्यासोबत व्याघ्रप्रकल्प वगैरे. आई मागून म्हणाली, हे सगळं आत्ताचं, तलाव तर कोलू पाटलाचा. मग तिनेच ओवीला सांगितलं की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या कोहळी समाजाच्या माणसाने डोंगरांमधली फट मातीची पाळ घालून बुजवली, तेव्हा हे पाणी अडलं, आणि लोकांनी नंतर त्याचा देवच केला, कोलासुर. पाळीवर त्याचं ठाणं आहे तिथे आई हात जोडून बराच वेळ उभी होती. आता देवाला तर ती घरीही हात जोडते, पण हे वेगळं होतं. कसं वेगळं ते नाही सांगता येत मला.

जेवण झाल्यावर आम्ही चालायला निघालो तर आई म्हणाली तुम्ही जा, मी बसते इथंच. परत आलो तर ती तिथे नव्हती. मी घाबरलेच. बाबांनंतर मी अशी लगेच घाबरते, असो. बघते तर खाली पाण्याजवळ एक मासेमार ढिवर समाजातली बाई जाळ्यातला कचरा काढत बसलेली आणि तिच्या शेजारी दगडावर आमची आई, पदर खोचून. समोर प्लास्टिकच्या बादलीत मासे. आईच्या हातात एक मरळ, अजून हलत होती, आणि ती अंगठ्याने तिचा कल्ला उघडून आतला लाल रंग बघत होती. नागपुरात मी मासे आणते तेव्हा ती नाकाला पदर लावते हो! तीच ही. त्या बाईला म्हणत होती की सोडलेल्या बीजाचे रोहू-कतला मोठे होतात पण चव या गावरान मासोळीची. ती बाई पण खूश, तिचं सुरू झालं की आता तलावात बेशरमीची झुडपं किती वाढलीत, जाळं कसं अडकतं, देवधान म्हणजे पाण्यातला रानभात पहिल्यासारखा दिसत नाही. मला यातलं निम्मं कळत नव्हतं, आईला सगळं कळत होतं. तिची भाषाच बदलली होती.

आणि मग त्या बाईने विचारलं, पोहता येते का व तुले?

"मंग! आमच्या बोडीत या काठानं त्या काठाले जात होती मी. शिंगाडे काढाले." बोडी म्हणजे तिकडचा लहान तलाव.

"मंग सोडलं काऊन?"

"लगन झालं न माय."

आणि दोघी हसल्या. आई अशी हसली की खांदे हलत होते तिचे. मी इतकी वर्षं तिच्यासोबत राहते, मला आठवत नाही ती माझ्यासमोर अशी कधी हसली.

मला राग आला. खरंच आला, आणि रडूही. वहिनीला वाटलं डोळ्यात काही गेलं. मला एवढंच वाटत होतं की मी लहान असताना नागपूरच्या अंबाझरी तलावावर गेलो की ही बाई माझं मनगट असं धरायची की लाल वळ उठायचे. पाण्याजवळ जायचं नाही, कठड्यावर वाकायचं नाही. शाळेची सहल तलावावर असली की मी घरी. मला वाटायचं आईला पाण्याची भीती आहे, आणि मीसुद्धा तीच भीती घेऊन मोठी झाले, आजही गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला धाप लागते. आणि हिला येतं! तलाव पार करण्याइतकं येतं! मग मला का नाही सांगितलं? ओळख ना पाळख अशा बाईला अर्ध्या तासात सांगितलं आणि मी, जी तिच्या बीपीच्या गोळ्यांच्या वेळा फोनमध्ये लावून ठेवते, मला नाही. घरी येईपर्यंत सगळ्या रस्त्याने हेच चालू होतं डोक्यात. आई मागच्या सीटवर झोपली होती, हाताला माशांचा वास, आणि ओवी तिच्या मांडीवर. मला वाटलं मी हिला ओळखतच नाही. माझ्या वाट्याला ती दमलेलीच आली, ओट्यापाशी उभी, कुणाच्या ना कुणाच्या वेळा सांभाळणारी. ती पाण्यातली मुलगी कुणाला मिळाली? कदाचित कुणालाच नाही. बाबांना तरी माहीत होतं का हे विचारायचं होतं, पण ते नकोच.

सोमवारी सकाळी चहा घेताना विचारून टाकलं. आई, तुला पोहता येतं हे कधी सांगितलं नाहीस.

"त्यात काय सांगायचं? तिकडे सगळ्यांनाच येत होतं."

मग मला अंबाझरीवर का असं धरून ठेवायचीस?

"तुला येत नव्हतं ना."

झालं. ती मटार सोलत होती, वर बघितलंही नाही. मी रात्रभर जे उगाळत होते त्याला एवढंच उत्तर. आणि खरंय ते, दुसरं काय असणार? जिला पोहता येतं तिलाच माहीत ना पाणी किती खोल असतं. मला अजूनही वाटतं की सांगायला हवं होतं, ते वाटणं काही गेलेलं नाही. पण राग बसला. त्या बाईजवळ तिला काही समजावून सांगावं लागलं नाही, बोडी म्हणजे काय, शिंगाडे कसे काढतात, काहीच नाही. मला सांगायचं तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती आणि संध्याकाळचा स्वयंपाक राहिला असता.

आता विचारतेय थोडं थोडं. एकदम विचारलं की ती गप्प होते, भाजी निवडताना विचारलं की बोलते. त्यांच्या धानात सारस यायचे, बांधीतच घरटं करायचे आणि आजोबा तेवढा तुकडा न कापता ठेवायचे. बोडी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची होती, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, मग गाळ काढायचा कुणी यावरून गावात भांडणं, हे तिने तिच्या बाबांकडून ऐकलेलं. आता अर्धी बुजली म्हणे. मामाचं नाव निघालं की मात्र ती विषय बदलते, मी पण मग बदलू देते.

काल म्हणाली एकदा बघून यायला पाहिजे, आहे का नाही ती बोडी. दादाला मार्चपर्यंत सुट्टी नाही. मी म्हटलं मी चालवते गाडी, पुढच्या शनिवारी जाऊ, ओवीची शाळा बुडाली तर बुडाली. आई म्हणाली मग सकाळी 5 ला निघू, आणि जास्तीचं लुगडं घेते सोबत. कशाला ते मी विचारलं नाही.