जळकं ऑइल कुठे जातं, हे मी का विचारतो

नाशिकच्या सातपूरला माझं इंडस्ट्रियल ऑइल-ग्रीसचं दुकान आहे. बॅरल पोचतं झालं की मी कारखानदाराला विचारतो, "जुनं काढलेलं ऑइल कुठे जातं?" त्यावर हमखास उलट प्रश्न येतो: "माल विकला, पैसे मिळाले, जळक्या ऑइलची चौकशी तुम्हाला कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण सुरुवात ऑइलच्या एका जुन्या गोष्टीपासून करतो.

अमेरिकेत रॉचेस्टरला जेनेसी नदीच्या काठी व्हॅक्यूम ऑइल कंपनीचा कारखाना होता. १८६६ साली मॅथ्यू युइंग आणि हायरम एव्हरेस्ट यांनी ही कंपनी काढली. युइंग सुतार. त्याला खनिज तेलातून रॉकेल काढायचं होतं. भांड्यातली हवा ओढून घेतली की तेल कमी आचेवर उकळतं आणि करपत नाही, ही त्याची युक्ती. रॉकेल यथातथाच निघालं, पण तळाशी उरलेल्या दाट तेलावर एव्हरेस्टची नजर गेली. घोड्याच्या कातडी साजाला ते उत्तम लागायचं. युइंग लवकरच बाजूला झाला, एव्हरेस्टने धंदा वाढवला.

खरी कमाल पुढे वाफेच्या इंजिनात झाली. तोवर सिलिंडरमध्ये जनावरांची चरबी घालत. वाफेच्या उष्णतेने चरबी फुटून आम्ल सुटतं आणि लोखंड खाऊन टाकतं. खनिज तेलाचं तसं होत नाही. आज आपल्या गिअरबॉक्समध्ये जातं ते ऑइलही बहुधा निर्वात ऊर्ध्वपातनातूनच, म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात तेल उकळून वेगळं करण्याच्या त्याच युक्तीतून आलेलं असतं. १९३१ च्या विलीनीकरणानंतर या कंपनीची पुढे मोबिल झाली. तिचाच एक धागा मुंबईत पोचला: तिची भागीदारी असलेल्या स्टॅनव्हॅक कंपनीची, १९५४ साली सुरू झालेली माहूलची रिफायनरी आज हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आहे.

आमच्या धंद्याच्या या इतिहासाचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण रॉचेस्टरचा तो कारखाना १९३० च्या दशकात बंद पडला, आणि जमिनीत मुरलेल्या तेलाचा प्रश्न या शतकातही तिथल्या वस्तीला सुटलेला नाही. माल जगभर गेला, सांडलेलं मात्र नदीकाठीच राहिलं.

आपल्याकडे लेथखाली सांडलेलं ऑइल टिपायला लाकडाचा भुसा टाकतात. तो काळा, चिकट भुसा झाडून शेडच्या मागे लोटलेला मी कितीदा पाहिलाय. पहिल्या जोरदार पावसात तो नाल्यात, नाल्यातून नासर्डी नदीत आणि तिथून गोदावरीत. त्या पाण्यावरची रंगीत साय बघून मला फार वाईट वाटतं. हा माल मीच विकलेला असतो ना!

म्हणून मागे लागतो. जळकं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं. चांगला रिसायकलर त्यातलं पाणी आणि गाळ काढून पुन्हा निर्वातातच ते शुद्ध करतो, आणि त्याचं परत बेस ऑइल, म्हणजे नवं ऑइल बनवायचं मूळ तेल होतं. एवढंच सांभाळा: जळक्या ऑइलच्या बॅरलमध्ये कूलंट (मशीन थंड ठेवणारं पाणी) ओतू नका, थिनर तर नकोच, आणि झाकण घट्ट लावून बॅरल शेडच्या आत ठेवा.