दोरी ओढ, परत ओढ

सहा महिने कोपऱ्यात पडलेली चेनसॉ (लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) काढली, दोरी ओढली, काहीच नाही. परत ओढली. पंधरावीस वेळा ओढल्यावर खांदा भरून आला आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग पाना घेऊन बसलो, आता हिचं पोट फाडूनच बघतो म्हटलं.

सगळ्यात आधी स्पार्क प्लग काढायचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडतो तो. एवढी दोरी ओढूनही तो कोरडा निघाला तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाहीये, ओला निघाला तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. एवढं कळलं की अर्धं काम झालं, पण माणूस आधी सगळे स्क्रू पिळून बघतो आणि मग प्लगकडे वळतो (मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू). माझा प्लग ठणठणीत कोरडा.

टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वासच येईना, वार्निशसारखं काहीतरी. आता तारेचा आकडा करून आतला फिल्टर बाहेर ओढायचा, हे काम विहिरीत पडलेली बादली काढण्यासारखं आहे, दिसत काही नाही, हाताला लागतं तेवढंच. फिल्टर चिकट झालेला, पाइप मात्र ठीक होता.

मग कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. बाइकच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा असतो, पण चेनसॉ आपण आडवी धरतो, उलटी धरतो, तिथे फ्लोट काय करणार बिचारा, म्हणून त्याच्या जागी पातळ पडद्यासारखा डायफ्रॅम. तो मऊ असायला पाहिजे, माझा वाळलेल्या पानासारखा कडक झालेला, बोटाने दाबला तर कुर्र झालं. रोग सापडला! नवीन किट आणलं, पण बसवताना गंमत अशी की एका बाजूला आधी गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून घालतात ती पातळ चकती) मग डायफ्रॅम आणि दुसऱ्या बाजूला आधी डायफ्रॅम मग गॅस्केट. हे ज्याने ठरवलं त्याचा मी काय गुन्हा केला होता? उघडताना फोटो काढून ठेवला होता म्हणून वाचलो.

ताजं पेट्रोल घातलं, लिटरला 20 मिली टू-टी ऑइल मिसळून, आणि चौथ्या ओढीला भर्रर्र! इतका आनंद झाला की लगेच एक ओंडका घेतला. तर कापते कुठे? पिठासारखा भुसा उडतोय, लाकडातून धूर. धार चांगली असली की ढलप्या पडतात, पीठ पडलं म्हणजे दात बोथट. इंजिनात एवढं डोकं घातलं पण साखळीकडे बघितलंच नव्हतं.

तो दातही बघण्यासारखा असतो. 1946 साली जो कॉक्स नावाच्या एका अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी निरखली, ती जबड्याने डावीउजवीकडे खात जाते, त्यावरून त्याला ही साखळी सुचली. म्हणून दात एक डावा, एक उजवा. प्लगची टोपी काढून ठेवली (हे विसरायचं नाही, बोटं परत येत नाहीत) आणि गोल कानस घेऊन बसलो, 30 अंशाचा कोन धरून प्रत्येक दाताला तीन हात, कानस पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. पण मी उजवा, एका बाजूला हात जोरात चालतो आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यासारखा, त्यामुळे एकीकडचे दात लांब राहिले आणि पहिलाच काप केळ्यासारखा वाकडा गेला. परत बसलो, सगळ्यात छोटा दात शोधला आणि बाकीचे कुरकुर करत त्याच्या मापाला आणले.

मग ओंडका सरळ कापला गेला, चपट्या ढलप्या पायावर पडत होत्या. संध्याकाळी टाकी रिकामी केली आणि चेनसॉ चालूच ठेवली, पाइपातलं उरलंसुरलं संपेपर्यंत. ती अडखळली, खोकली, बंद पडली. ह्यावेळी मी दोरी ओढली नाही.