क्रूझला जाताना बॅगेत काय टाकावं, आणि माझा एक्स्टेंशन बोर्ड

गेल्या डिसेंबरात आम्ही मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ करून आलो, तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतोय कसं झालं कसं झालं, आणि मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतोय, ती म्हणजे बॅगेची. बायको म्हणते एवढा समुद्र बघितला, सूर्यास्त बघितला, तुमच्या तोंडातनं त्यातलं काही येतच नाही. खरंय, येत नाही. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, म्हणजे सांगत बसायला नको आणि कुणी जाणार असेल तर त्याला उपयोग तरी होईल.

कोल्हापूरच्या माणसानं गोव्याला जायला आधी मुंबई गाठायची यावर गल्लीत जे काय बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. इथनं फोंडा घाटानं नाहीतर आंबोलीनं उतरलं की चार-पाच तासात गोवा. आई म्हणाली, "नाक धराय मानंमागनं हात घालायचा, दुसरं काय!" पण तिलाच 'बोटीत' बसायची हौस सगळ्यात जास्त होती. बुकिंग, ऑनलाइन चेक-इन, आधार कार्डं, सगळं पोरीनं मोबाईलवर केलं, त्यात काही अडचण आली नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो, तिथनं बॅलार्ड पिअर, म्हणजे जिथनं जहाज सुटतं ते बंदर, टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं.

आता मुद्द्याचं. माझं शाहूपुरीत इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. जायच्या आधी आठ दिवस व्हिडिओ बघत होतो, त्यात सगळेजण सांगतात की केबिनमध्ये प्लग कमी असतात. आम्ही चौघं, चार मोबाईल, पोरीचं घड्याळ, आईचं कानाचं मशीन. म्हटलं हा तर आपला विषय! दुकानातला सगळ्यात भारी बोर्ड काढला, सहा सॉकेट, चार यूएसबी, सर्ज प्रोटेक्टर म्हणजे विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा भाग, जाड वायर. पोरगी म्हणाली, पप्पा एवढा मोठा कशाला, तर मी तिला दहा मिनिटं लेक्चर दिलं, व्होल्टेज वरखाली झालं तर मोबाईल जळतात वगैरे. आणि तो बोर्ड मोठ्या लाल बॅगेत तळाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवला. त्याच बॅगेत पोरीचे पोहायचे कपडे, माझे सगळे कपडे, आईनं दिलेला कांदा-लसूण चटणीचा डबा, आणि बायकोच्या मळमळीच्या गोळ्या. हे शेवटचं लक्षात ठेवा.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा बाहेरच घेतात, त्याला केबिन नंबरचा टॅग लावायचा असतो आणि मग बॅगा स्कॅन होऊन परस्पर केबिनच्या दाराशी येतात. टॅग घरून प्रिंट काढून न्यायचा, नुसता कागद असतो, ओढाओढीत फाटतो, मी झेरॉक्सवाल्याकडनं लॅमिनेट करून नेला आणि भोक पाडून नायलॉनच्या केबल टायनं बांधला. केबल टाय दहा-वीस घेऊन जा, कुलूप म्हणून पण चालतो. कापायला मात्र काहीतरी लागतं, आमच्याकडं नेलकटर होता. मोठी कात्री-सुरी नेऊ नका, लांब पात्याचं काहीही सोडत नाहीत.

दीड वाजता केबिनमध्ये पोचलो. तीन वाजता बायकोची बॅग आली. साडेतीनला आईची. लाल बॅग नाही. मधे सेफ्टी ड्रिल झालं, सात छोटे भोंगे आणि एक लांब, सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, ते करून आलो तरी दारात बॅग नाही. रिसेप्शनला फोन केला, येईल सर. पाचला परत फोन, येईल सर. पोरगी जीन्स घालून स्विमिंग पूलच्या कडेला पाय सोडून बसली आणि माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच समुद्रात टाकली बॅग. जहाज सुटलं, सगळे डेकवर हात हलवतायत, फोटो काढतायत, आणि मी कॉरिडॉरमध्ये दुसऱ्यांच्या दारातल्या बॅगा बघत फिरतोय. दोनदा लोकांनी विचारलं काही शोधताय का.

सहा-साडेसहाला जहाज थोडं थोडं डुलायला लागलं. लई नाही, पण आमच्या बायकोला गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट सुरू झाला की लगेच खिडकी उघडावी लागते, तिला एवढं पुरतं. ती म्हणाली, "अहो, ती गोळी द्या." आता कुठली गोळी! तशी ती गोळी आधी घ्यायची असते, निघायच्या तासभर तरी, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आम्ही म्हटलं जहाजावर चढून मग घेऊ. तिच्या पर्समध्ये आलेपाक होता म्हणून थोडं निभावलं. आईनं पिशवीतनं लिंबू काढलं आणि हातात दिलं, वास घेत पड म्हणाली. आईच्या बीपीच्या गोळ्या आईपाशीच, ती त्या कुणाच्या हातात देतच नाही, म्हणून ते एक संकट टळलं. तर गोळ्या, एक जोडी कपडे, पोहायचे कपडे, चार्जर, कागदपत्रं हे सगळं खांद्यावरच्या छोट्या बॅगेत, हे मी आता सगळ्यांना ओरडून सांगतो.

सातच्या पुढं दाराखालनं एक चिठ्ठी सरकवलेली दिसली. तुमच्या सामानाबाबत खालच्या डेकवर सिक्युरिटीला भेटा. एवढंच. खाली गेलो तर पंचवीस-तीस माणसांची लाईन! सगळे आपले, सगळ्यांची तोंडं गुन्हेगारासारखी. माझ्या पुढं एक काका, त्यांची इस्त्री सापडली होती. त्यांच्या पुढच्या बाईंची पाण्याची किटली. एकांचा पाणी तापवायचा रॉड, ते म्हणत होते आम्ही सगळीकडं नेतो, कधी कुणी अडवलं नाही. एका पोरग्याच्या मिनरल वॉटरच्या बाटलीतलं पाणी, पाणी नव्हतं. उदबत्ती आणि काडेपेटीवाले दोघं होते. आणि बसायला खुर्ची एक नाही, एसी असा की हातपाय गार, मी हाफ शर्टवर. एकच माणूस तपासायला, एक एक बॅग टेबलावर घेऊन, मालकासमोर उघडून, एक एक वस्तू बाजूला काढून. पाऊण तास गेला. वर बुफे सुरू झालेला, बायको एकटी पडून, आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून कुणाला सांगताही येईना मी कुठं आहे.

माझा नंबर आला. माझे बनियन, टॉवेल सगळ्या लाईनसमोर टेबलावर. त्यानं टॉवेल उलगडला आणि बोर्ड वर धरला, एखादा साप धरावा तसा. "सर, नॉट अलाउड." मी म्हटलं, का? तो म्हणाला, सर्ज प्रोटेक्टर. मी म्हटलं, अहो म्हणूनच तर आणलाय, सेफ्टीसाठीच असतो तो! वीस वर्षं हाच धंदा करतोय मी! तो बिचारा थंडपणे परत, "नॉट अलाउड सर, फायर रिस्क." मागच्या लाईनमधनं कुणीतरी मराठीतच म्हणालं, काका सोडा की, आम्हाला पण जेवायचंय. मला एवढा राग आला होता की कान गरम झालेले. मग त्यानं चटणीचा डबा उघडला, वास घेतला, आणि सलग चार शिंका दिल्या. घरचं खाणं पण चालत नाही म्हणे, कंपनीचं सीलबंद पाकीट असतं तर सोडलं असतं. दोन्हीला स्टिकर लावले, पावती दिली, उतरायच्या दिवशी परत घ्या.

आता माझी इज्जत घालवून सांगतो. नंतर शांत डोक्यानं विचार केल्यावर, आणि घरी येऊन वाचल्यावर, तो माणूस बरोबर होता. आपल्या घरात एक वायर फेज आणि एक न्यूट्रल, आणि न्यूट्रल पुढं अर्थला, म्हणजे जमिनीला, जोडलेला. बऱ्याच जहाजांवर असं नसतं, दोन्ही वायरींना जहाजाच्या लोखंडी सांगाड्याच्या मानानं करंट असतो. आपल्या बोर्डाचं बटण एकच वायर तोडतं, म्हणजे बटण बंद तरी दुसरी वायर जिवंतच. वर सर्ज प्रोटेक्टरमध्ये तो गोळीसारखा चपटा भाग असतो, एमओव्ही म्हणतो आम्ही, तो लाईन आणि अर्थच्या मधे बसवलेला असतो, जहाजाच्या वायरिंगवर तो तापत जाऊन पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं २०१३ मध्येच याच्यावर इशारा काढलेला. हे मला माहीत नव्हतं. गिऱ्हाईकांना सांगू नका. पण भावांनो, हे तिकिटासोबतच्या पीडीएफमध्ये सतराव्या ओळीत बारीक अक्षरात टाकण्याऐवजी टर्मिनलच्या दारात एक मोठा बोर्ड, म्हणजे फळा, लावला असता तर तीस लोकांची संध्याकाळ वाचली असती की नाही? आणि चिठ्ठी चार वाजता द्यायला काय झालं होतं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तर चार्जिंगचं काय करायचं. बोर्डच नेऊ नका, तीन-चार यूएसबी तोंडांचा साधा चार्जर न्या, वायर नसलेला, थेट भिंतीत बसणारा. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं बघून घ्या, कारण केबिनमध्ये कधी ११० चं सॉकेट असतं, कधी २२० चं, कधी दोन्ही. २२० चं बहुतेक युरोपियन गोल दोन पिनांचं, आपला दोन पिनांचा चार्जर त्यात जातो पण सैल बसतो, तीन पिनांचा जातच नाही. म्हणून एक युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर. आमच्या पोरीनं तिच्या पर्समध्ये असला चार्जर गुपचूप टाकला होता, तीनशे रुपयाचा, ऑनलाइन मागवलेला! तीन दिवस चौघांचे मोबाईल त्यावरच चालले आणि तिनं मला एक शब्द ऐकवला नाही, तेच जास्त लागलं.

मोबाईलवरनं आठवलं, किनारा सुटला की लगेच एअरप्लेन मोड. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क असतं, मोबाईल आपोआप त्याला चिकटला तर बिल कल्पनेच्या बाहेर येऊ शकतं.

सगळ्यात स्वस्तात कामाला आलेली वस्तू म्हणजे मॅग्नेटचे हुक. भिंती दिसायला लाकडी वाटतात पण आत पत्रा असतो, चुंबक गच्च बसतं. केबिन एवढीशी, ठेवायला जागा नाही, आम्ही टोप्या, पिशव्या, ओला टॉवेल, आईची जपाची माळ, सगळं भिंतीवर लटकवलं. लक्ष्मीपुरीतनं सहा नेले होते, दहा न्यायला पाहिजे होते. कपड्याचे चिमटे पण न्या, डेकवर वारा असा असतो की खुर्चीवरचा टॉवेल बघता बघता गेला. टोपी असेल तर हनुवटीखाली नाडीवाली. शाल प्रत्येकाला एक, जेवायच्या हॉलमध्ये एसी लई कडक. केबिनचं कार्ड सारखं लागतं, दार उघडायला आणि खर्चाला पण तेच, पोरीच्या कॉलेजचा गळ्यातला पट्टा त्याला लावला. खिडकी नसलेली केबिन असेल तर रात्री स्वतःचा हात दिसत नाही एवढा अंधार, बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवा, आई उठून बाथरूमऐवजी कपाट उघडत होती.

चप्पल. मी कोल्हापुरी घालून गेलो, मिरवायला. डेकवर सकाळी पाणी मारलेलं, चामडं भिजलं, पाय घसरला, रेलिंग हातात आलं म्हणून वाचलो. रबराच्या न्या, कोल्हापुरी संध्याकाळच्या फोटोपुरती.

शेवटच्या दिवशी जप्त सामान परत घ्यायची अजून एक लाईन, आणि तिथं पावती मागतात. माझी पावती ज्या शर्टाच्या खिशात होती तो शर्ट आदल्या रात्री दारात ठेवलेल्या बॅगेबरोबर पुढं गेलेला! नशीब, रागाच्या भरात पहिल्या रात्रीच मी त्या पावतीचा फोटो काढून ठेवला होता, तक्रार करायची म्हणून. तो दाखवला आणि बोर्ड मिळाला. चटणीचा डबा पण मिळाला, तो मला जरा हलका वाटला, आई म्हणते तुझा भास आहे. तिला काय फरक पडतो, तिनं दुसरी पुडी कमरेच्या बटव्यात ठेवली होती आणि तिन्ही दिवस बुफेतल्या अळणी डाळीवर टाकून खात होती. बटवा कुणी तपासलाच नाही.

हां, आणि एक राहिलंच. प्लास्टिकचा मग न्या. बायको हसली होती, म्हणाली क्रूझवर मग! दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या केबिनमधल्या पुण्याच्या काकू तोच मागायला आल्या.