आगटीभोवतीचा जानेवारी

सकाळी साडेसातला विद्यापीठाच्या गेटपाशी जमायचं आणि येताना घरून एक चटणी आणायची. आमच्या संगणकशास्त्र विभागातल्या पीएच.डी.वाल्यांच्या हुरडा पार्टीचा नियम एवढाच. दिवसही ठरलेला, १४ जानेवारीनंतरचा पहिला रविवार. मराठवाडा विद्यापीठाला १९९४ साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव मिळालं. नामविस्तार दिनाला गेटसमोर माणसांचा पूर लोटतो, पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या गर्दीतच जुने सीनिअर भेटायचे आणि हातातली पुस्तकं सावरत विचारायचे, "रविवारी येतेस ना?"

शेत फुलंब्रीकडे, आमच्या एका सीनिअर दादाच्या घरचं. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. आम्ही पोचेपर्यंत आगटीत, म्हणजे शेकोटीच्या खड्ड्यात, गोवऱ्यांचा लालबुंद निखारा झालेला असे. अण्णा त्यात गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं खुपसायचे, राख झटकून कणीस तळहातावर चोळायचे, एक फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि वाफाळते हिरवे दाणे आपल्या ओंजळीत टाकायचे. "खा माय, गार होईल." सोबत कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. तो गोडवा मला दुसऱ्या कशात सापडलेला नाही.

एरवी आमचे दिवस लॅबमध्ये जायचे. कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, नाकारून परत आलेले शोधनिबंध. तिथं "कुठवर आलं?" हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे, कारण उत्तर देताना घसा दाटायचा. आगटीपाशी मात्र गोणपाटावर मांडी घालून बसलं की "दोन महिने झाले, प्रोग्रॅम हलायलाच तयार नाही" हे सहज तोंडून निघे. मग कुणीतरी दादा, ताई आपली अडलेली दोन वर्षं सांगायची. माझे मार्गदर्शक सरही शेजारीच बसून ऐकायचे. मी टिकले ती या बोलण्यामुळं, हे मी आजही मानते.

माझा विषय होता खेड्यातल्या माणसांचं मराठी बोलणं संगणकाला ओळखता यावं. सर म्हणाले, "रेकॉर्डर शेतावरच ने." पहिल्या वर्षी, २०१४ला, मी अण्णांना समोर बसवलं. "काय करायलीस माय हे?" म्हणत ते बोलत राहिले. लॅबमध्ये फाइल उघडली तर स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, जागोजागी बारीक उभ्या रेघा. दिवसभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, ही तर आगटीची तडतड! तळाशी साचलेला काळा पट्टा वाऱ्याचा. रेकॉर्डिंग वाया गेलं म्हणून मी रडकुंडीला आले होते. सर म्हणाले, "माणसं काचेच्या खोलीत बसून बोलतात का?" तिथून माझ्या कामाला वळण लागलं. मी गोंगाटातलंच बोलणं घ्यायला लागले.

त्याच फाइलमध्ये अण्णा गड्याला सांगतायत, "चार पेंढ्या चारा टाक." चार आणि चारा. लिहिताना च एकच, पण बोलताना एक तालव्य, 'च्य'सारखा, आणि दुसरा दंततालव्य, 'त्स'सारखा. आम्ही दोन्हींना एकच खूण दिली होती, म्हणून मशीन गोंधळत होतं. आम्ही सेकंदाभराच्या आवाजाचे शंभर तुकडे करत होतो, प्रत्येक तुकड्याचा आवाज कसा आहे ते सांगणारे तेरा आकडे काढत होतो, आणि आपल्या भाषेतला हा साधा फरक विसरलो होतो! च, ज, झ या तिन्हींना दोन-दोन खुणा दिल्या तेव्हा कुठे निकाल सुधारले.

२०१६ला हुरडा नव्हता. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. पुढं एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हेच साल. ज्वारी वीतभर वाढून करपली होती. पार्टी रद्द समजून आम्ही गप्प होतो. अण्णांचाच फोन आला, "हुरडा नाही म्हणून लेकरं येणार नाहीत का?" लिंबाखाली बसून भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला. पाण्याच्या बाटल्या आम्ही नेल्या होत्या. कणसं नसतानाही अण्णांनी आगटी पेटवली, थंडी आहे म्हणून. त्या वर्षीचं रेकॉर्डिंग सगळ्यात लांब आहे.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, व्हायवा, झाल्यावरच्या जानेवारीत मी लॅपटॉप शेतावर नेला. अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चार पेंढ्या चारा." पडद्यावर चार आलं, चारा आलं, पेंढ्या मात्र चुकलं. अण्णा लॅपटॉपकडे वाकले, आणि कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्याला सांगावं तसं, सावकाश, जरा मोठ्यानं म्हणाले, "पेंऽढ्या."